टीसीपी काढून बघा, मगच उरलेले पैसे द्या

प्रश्न थोडक्यात असा: हार्डवेअरचं होलसेल दुकान, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅलीप्राइम सिल्व्हर. सेल्समनवार उधारी बघायची आहे आणि माल कुठल्या रॅकवर आहे ते चलनावर छापून हवं आहे. एकटाच काम करणारा एक डेव्हलपर त्यासाठी तयार अ‍ॅड-ऑन (टॅलीत जादा सोय करणारी फाईल, म्हणजे टीसीपी) ६,५०० रुपयांना देतोय, शिवाय वर्षाला २,००० मेंटेनन्स. माणूस बोलायला चांगला, पण ऑफिस नाही, वेबसाइट एका पानाची. विश्वास ठेवावा का?

ऑफिस नाही हे मी फारसं मनावर घेणार नाही. टीडीएल (टॅलीत बदल करायची भाषा) लिहिणारे कित्येक जाणकार लोक घरातूनच काम करतात, आणि ऑफिसवाला पार्टनरही (टॅलीचा विक्रेता) पुष्कळदा अशाच कोणाकडून फाईल करून घेऊन पुढे विकत असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: 'कोड तुम्ही स्वतः लिहिता की दुसऱ्याचा विकता?' दुसऱ्याचा असेल तर हरकत नाही, पण मग अडचण आली की तुमचा फोन दोन हातांतून जाणार हे धरून चाला. माणूस कसा आहे ते दोन फोनवर कळत नाही. तो उद्या फोन उचलेनासा झाला तर आपल्या हातात काय उरेल, हे मात्र आजच तपासता येतं. माझा सगळा भर त्यावर आहे.

त्याआधी, अ‍ॅड-ऑन लागतंय का? सेल्समनवार उधारीसाठी संड्री डेटर्सखाली (उधारीच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप) प्रत्येक सेल्समनच्या नावाचा ग्रुप करा आणि त्याच्या पार्ट्यांची लेजरं त्यात टाका. आउटस्टँडिंगमध्ये ग्रुप निवडला की त्याची वसुलीची यादी तयार. एकाच पार्टीकडे दोन सेल्समन जात असतील तर मात्र ही युक्ती चालत नाही. रॅकसाठी काही जण प्रत्येक रॅकचं गोडाऊन करायला सांगतात. ते करू नका. डबा एका फळीवरून दुसऱ्या फळीवर ठेवला तरी स्टॉक जर्नल (माल हलवल्याची नोंद) टाकत बसावं लागेल. आयटमच्या डिस्क्रिप्शनमध्ये 'बी-४' लिहून ते चलनावर छापून घेणं पुरतं. आणि बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सोय 'सोबत फ्री' म्हणून कोणी देत असेल तर लक्षात घ्या, रिलीज ४.० पासून ती टॅलीतच आहे. मागच्या दाराने व्हॉट्सअ‍ॅप वेब चालवणारी साधनं व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत बसत नाहीत. त्यात दुकानाचा नंबर ब्लॉक झाला तर सगळी गिऱ्हाइकी अडकते.

एवढं करूनही गरज उरली तर पुढे वाचा.

अ‍ॅड-ऑन म्हणजे बहुतेक वेळा एकच टीसीपी फाईल. डेव्हलपर टीडीएल भाषेत साधा मजकूर लिहितो, तो कंपाइल केला की टीसीपी होते. आत काय आहे ते मग तुम्हाला वाचता येत नाही. सहसा ती तुमच्या टॅलीच्या सिरीयल नंबरला बांधलेली असते. ती जी जादा माहिती साठवते, म्हणजे सेल्समनचं नाव किंवा रॅक, ती यूडीएफमध्ये, म्हणजे टॅलीने मुळात न ठेवलेल्या, नंतर जोडलेल्या कप्प्यात जाते. प्रत्येक यूडीएफला एक प्रकार आणि एक क्रमांक असतो. कस्टमायझेशनसाठी १ ते २९ आणि २०००१ ते ६५५३६ एवढेच क्रमांक मोकळे आहेत, मधले टॅलीचे स्वतःचे.

घोळ होतो तो इथे. मोजायला सुरुवात करायची तर २०००१ हाच आकडा कोणालाही आधी सुचतो. समजा, तुमच्याकडे आधीपासून ट्रान्सपोर्टच्या गाडीचा नंबर ठेवणारं एक जुनं टीडीएल आहे आणि तो नंबर स्ट्रिंग प्रकाराच्या २०००१ या यूडीएफमध्ये आहे. नव्या माणसाने सेल्समनचं नावही स्ट्रिंग २०००१ मध्येच ठेवलं. टॅली ओळखते ती प्रकार आणि क्रमांकावरून, त्याने दिलेल्या नावावरून नाही. मग जुन्या बिलात सेल्समनच्या जागी एमएच-०९ वाली गाडी दिसायला लागते. कोणी ती 'चूक' दुरुस्त करून बिल सेव्ह केलं की गाडीचा नंबर कायमचा गेला. एरर काही येत नाही, आणि मार्चमध्ये सीए विचारेपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून डेव्हलपरला विचारा: 'तुमच्या टीसीपीत कोणते यूडीएफ क्रमांक वापरलेत?' काम जाणणारा दोन मिनिटांत यादी पाठवतो आणि उलट तुम्हालाच विचारतो, 'आधीचं काही टीडीएल चालू आहे का?' 'त्याचं तुम्हाला काय करायचंय' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. माझ्या मते या एका प्रश्नाने जेवढं कळतं तेवढं दहा गिऱ्हाइकांच्या शिफारशींनी कळत नाही. स्वतः पडताळायचं असेल तर जुनं टीडीएल चालू असताना डे-बुकमधून एखादं बिल एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करा, नोटपॅडमध्ये उघडा आणि इंग्रजी अक्षरांत 'यूडीएफ' शोधा. त्या ओळीत टाइप आणि इंडेक्स लिहिलेले असतात. तोच यूडीएफचा प्रकार आणि क्रमांक.

आता चाचणी. ही चालू डेटावर अजिबात नको. टॅली बंद करा, कंपनीच्या डेटाचं पाच किंवा सहा आकड्यांच्या नावाचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करा आणि शक्यतो दुसऱ्याच कॉम्प्युटरवर त्या कॉपीतून कंपनी उघडा. सिल्व्हरचं लायसन्स एकाच मशीनचं असल्यामुळे दुसरीकडे एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सशिवाय, शिकण्यापुरतं) चालवावं लागेल. तिथे नोंदी महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच करता येतात, चाचणीला तेवढ्या पुरतात. सिरीयलला बांधलेली टीसीपी तिथे चालणार नाही, म्हणून डेव्हलपरकडून डेमो फाईल मागा. ती द्यायला तो तयार नसेल तर दुकान बंद झाल्यावर मूळ मशीनवर, पण कॉपी केलेल्या कंपनीवरच करा. दोन्ही कंपन्यांचं नाव सारखंच दिसेल, तेव्हा आधी कॉपीचं नाव बदलून मागे 'चाचणी' जोडा. नाहीतर घाईत नेमकी खरी कंपनी उघडली जाते.

टीसीपी लावायच्या आधी ऑल्ट + जी दाबून स्टॅटिस्टिक्स उघडा. व्हाउचरची प्रकारवार संख्या, लेजर आणि आयटम किती, याचा प्रिंट घ्या. ट्रायल बॅलन्सचाही घ्या. मग एफ१, टीडीएल अँड अ‍ॅड-ऑन, एफ४ ने मॅनेज लोकल टीडीएल, तिथे फाईलचा पत्ता द्या आणि स्टार्टअपला लोड करायचं 'येस' करा. पाच-सहा बिलं करा: एक साधं, एक दोन जीएसटी दरांचं, एक मालपरतीचं, एक रद्द केलेलं. जुनं एखादं बिल उघडून काही न बदलता पुन्हा सेव्ह करा. वसुलीचा रिपोर्ट काढा आणि त्याची बेरीज टॅलीच्या मूळ आउटस्टँडिंगशी लावा. ऑन अकाउंट (कुठल्या बिलाचे ते न लिहिता) जमा आलेल्या रकमा आणि अ‍ॅडव्हान्स या दोन ठिकाणी असल्या रिपोर्टांची हमखास गफलत होते, कारण लिहिणाऱ्याने फक्त बिलं मोजलेली असतात.

यानंतरचा भाग बहुतेक लोक करतच नाहीत. त्याच पडद्यावरून टीसीपी काढून टाका, टॅली बंद करून पुन्हा उघडा. कंपनी नीट उघडते का? चाचणीत केलेली बिलं, त्यांचा जीएसटी आणि बेरजा जशाच्या तशा आहेत का? स्टॅटिस्टिक्स आणि ट्रायल बॅलन्समधला फरक तुम्ही केलेल्या नोंदींपुरताच आहे का? फाईल काढलेली असतानाच एक बिल उघडून सेव्ह करा, मग टीसीपी परत लावा आणि त्या बिलातलं सेल्समनचं नाव टिकलंय का ते बघा. फाईल काढल्यावर फक्त सेल्समन आणि रॅक दिसेनासे होणं ठीक. पण रक्कम किंवा टॅक्स बदलत असेल तर त्याने तुमच्या मूळ हिशेबात हात घातलाय. असलं अ‍ॅड-ऑन फुकट मिळालं तरी नको.

रिलीजचा प्रश्न वेगळा. रिलीज ३.० मध्ये जीएसटीची मांडणी आतून बदलली, डेटा मायग्रेट करावा लागला आणि एकदा नव्यात गेलेला डेटा जुन्या रिलीजमध्ये उघडत नाही. जुन्या मांडणीवर बेतलेली टीडीएल तेव्हा नव्याने दुरुस्त करावी लागली. पुढेही हे होणारच. म्हणून त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन कराल तेव्हा 'कसं आहे?' विचारू नका, सगळे 'चांगलं आहे' म्हणतात. 'मागचं मोठं रिलीज आलं तेव्हा नवी फाईल किती दिवसांत मिळाली आणि पैसे वेगळे घेतले का?' हे विचारा. आणि अ‍ॅड-ऑन घेतल्यावर 'अपडेट आलंय' म्हणून लगेच बटण दाबायचं नाही. आधी त्याची फाईल, मग कॉपीवर चाचणी, मग अपडेट.

फाईलला तारखेचं कुलूप आहे का तेही आधीच विचारा. मेंटेनन्स भरला नाही तर अपडेट मिळणार नाही, हे रास्त. ३१ मार्चला टीसीपीच बंद पडणार, हे रास्त नाही. काही फाईली दरवेळी डेव्हलपरच्या सर्व्हरला विचारून चालू होतात. त्याने सर्व्हरचं भाडं भरलं नाही तर तुमचं काम ठप्प. नेट काढून टॅली उघडून बघा, लगेच कळेल.

सुरक्षेचं पटकन. टीसीपी बसवायला इन्स्टॉलर लागत नाही, त्यामुळे सोबत एक्झी फाईल आली तर ती कशासाठी हे विचारा. बारकोड प्रिंटर वगैरे खरं कारण असू शकतं. तिच्यावर डिजिटल सही नसेल म्हणून ती वाईट ठरत नाही, छोट्या लोकांना सर्टिफिकेट महाग पडतं. पण 'अँटिव्हायरस बंद ठेवा' म्हणाला तर नाही म्हणा. एक्झी व्हायरसटोटलवर (फाईल तपासणारी वेबसाइट) तपासता येते. कंपनीचा बॅकअप मात्र तिथे चुकूनही चढवू नका. एनीडेस्कवर (दुरून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) काम चालू असताना समोर बसा, काम झालं की बंद करा आणि कायमचा पासवर्ड सेट करू देऊ नका. टीसीपी चालू युजरच्या अधिकारात चालते, म्हणून रोजच्या बिलिंगसाठी अ‍ॅडमिनचं लॉगिन वापरू नका. अ‍ॅड-ऑनसाठी पोर्ट ९००० (दुसऱ्या प्रोग्रॅमला टॅलीशी बोलायचा मार्ग) उघडायला सांगितलं तर तो दुकानाबाहेर राउटरवर अजिबात उघडायचा नाही, कारण तिथपर्यंत पोचलेला माणूस चालू कंपनीचा डेटा मागू शकतो. आणि टेलिग्रामवर '५०० टीडीएल ९९९ मध्ये' मिळतात, तिकडे फिरकू नका.

तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये बंद न करता येणारा एडिट लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) सक्तीचा आहे आणि ऑडिटरला त्यावर शेरा द्यावा लागतो. 'लॉगमध्ये न दिसता बिल बदला' अशी सोय कोणी कौतुकाने दाखवली तर डेमो तिथेच संपवा.

पैशांचं बोलू. बिलावर १८ टक्के जीएसटी लावत असेल तर नंबर जीएसटी पोर्टलवर टाका. लॉगिन लागत नाही, नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरल्याचा तक्ता दिसतो. पहिले दोन आकडे २७ म्हणजे महाराष्ट्र, ३० म्हणजे गोवा. सहावं अक्षर पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे फर्म, सी म्हणजे कंपनी. पत्रकावर 'प्रा. लि.' आणि सहावं अक्षर पी, असं असेल तर खुलासा मागा. सेवांसाठी २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळे नंबर नसणं संशयास्पद नाही. नंबर नसताना टॅक्स लावणं मात्र आहे.

६,५०० पैकी निम्मे कॉपीवरची चाचणी पटल्यावर, उरलेले एक महिनाअखेर आणि एक जीएसटी रिटर्न नीट गेल्यावर. प्रामाणिक माणूस याला सहसा नाही म्हणत नाही. एवढ्या किमतीत सोर्स कोड मागू नका, ते त्याचं पोट आहे. त्याऐवजी तुमच्या सिरीयलची, तारखेचं कुलूप नसलेली टीसीपी आणि यूडीएफची यादी ईमेलवर घ्या आणि दोन्ही पेनड्राइव्हवर ठेवा. यादी असली की दुसरा कोणीही डेव्हलपर त्याच क्रमांकांवर नवं टीडीएल लिहून जुनी माहिती परत दाखवू शकतो. खास तुमच्यासाठी लिहून घेणार असाल तर गोष्ट वेगळी. पैसे दिले म्हणून बाहेरच्या डेव्हलपरचा कोड आपोआप तुमचा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते.

वर्षाचे २,००० मला जास्त वाटत नाहीत, उलट तो मेंटेनन्स मागतोय हे बरंच आहे. एकदाच पैसे घेऊन 'लाइफटाइम सपोर्ट' म्हणणाऱ्याला तिसऱ्या वर्षी तुमचा फोन उचलायचं कारण उरत नाही. फक्त एकेका वर्षाचेच भरा, तीन वर्षांचे एकदम नको. आणि त्या २,००० मध्ये नव्या रिलीजची फाईल आहे की नुसता फोन सपोर्ट, हे ईमेलवर लिहून घ्या. यूडीएफच्या प्रश्नावर तो काय म्हणाला ते इथे टाका, मग पुढचं बघू.