डेबियन 12 वर उबुंटूची पॅकेजेस टाकली तर चालतील का?

अंबडमधील आपल्या वर्कशॉपच्या संगणकावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली आहे, त्यात फ्रीकॅड (ड्रॉइंग करण्याचा प्रोग्रॅम) 0.20 मिळते आणि उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्स प्रणालीत 0.21 आहे, म्हणून उबुंटूची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेसचे भांडार, सोर्सेस डॉट लिस्ट या भांडारांच्या यादीत जोडावी का, असे आपण विचारले आहे. मी सातपूरच्या काही कारखान्यांतील संगणकांची देखभाल करतो आणि माझे उत्तर ‘जोडू नये’ असेच आहे.

दोन्हीकडची पॅकेजेस, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार गठ्ठे, डेब स्वरूपाचीच असतात, उबुंटूची बरीचशी तर डेबियनच्याच सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, तयार होतात. परंतु पॅकेज ज्या लायब्रऱ्यांच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या कोडच्या) आधारे बांधले गेले, त्यांच्याशी ते जखडलेले राहते. डेबियन 12 मध्ये जीलिबसी, म्हणजे जवळपास सगळ्या प्रोग्रॅमना लागणारी मूळ लायब्ररी, 2.36 आहे, तर उबुंटू 24.04 मध्ये 2.39. शिवाय 2038 सालची अडचण (32 बिटांत मोजलेली वेळ त्या साली संपते) टाळण्यासाठी उबुंटूने 24.04 मध्ये वेळेची नोंद 64 बिटांवर नेली, तेव्हा अनेक लायब्रऱ्यांची नावेच बदलली. डेबियन 12 मधील लिबएसएसएल3 ही लायब्ररी तिकडे लिबएसएसएल3टी64 आहे.

खरा धोका पुढच्या अपग्रेडचा आहे. ऍप्टच्या, म्हणजे पॅकेजेस टाकणाऱ्या साधनाच्या, लेखी दोन्ही रिपॉझिटऱ्यांचा अग्रक्रम 500 च असतो आणि ज्याचा आवृत्तीक्रमांक मोठा ते पॅकेज निवडले जाते, त्यामुळे आपण मागितले एक फ्रीकॅड, तरी हळूहळू निम्मी प्रणाली उबुंटूची होते. पिनिंगने, म्हणजे अग्रक्रम स्वतः ठरवून, उबुंटूचा अग्रक्रम 100 वर आणता येतो, पण फ्रीकॅडलाच नवी जीलिबसी हवी असेल तर ती येणारच, आणि आलेली जीलिबसी मागे नेण्याची सोय डेबियन अधिकृतपणे देत नाही. खात्री करायची असल्यास ‘ऍप्ट इन्स्टॉल’ला ‘वजा एस’ जोडून नुसती रंगीत तालीम करावी आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजेसची यादी वाचावी. त्यात डेस्कटॉपचे एखादे पॅकेज दिसले, तर तिथेच थांबावे.

आपल्या कामाला फ्रीकॅडचे फ्लॅटपॅक पुरेसे आहे. ते स्वतःच्या लायब्रऱ्या बरोबर आणते आणि मूळ प्रणालीला हात लावत नाही. इतर पॅकेजेससाठी आधी डेबियनचे बॅकपोर्ट्स (आपल्या डेबियनसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्या) पाहावेत. उबुंटूचेच पॅकेज हवे असेल, तर पॉडमॅन या कंटेनर चालवणाऱ्या साधनावर डिस्ट्रोबॉक्स वापरून उबुंटूचा कंटेनर, म्हणजे मूळ प्रणालीत न मिसळता चालणारी उबुंटू, करावा. मात्र त्यात आपले होम फोल्डर जसेच्या तसे दिसते, म्हणजे ड्रॉइंग लगेच उघडता आले तरी डेबियनचे आणि कंटेनरमधले अशी दोन्ही फ्रीकॅड एकाच सेटिंग फाइलवर लिहितात. म्हणून कंटेनर बनवतानाच त्याला होम वेगळे द्यावे.