'लोकशाही गणराज्य' ही द्विरुक्ती आहे का?

एका विद्यार्थिनीने विचारले आहे : संविधानाच्या उद्देशिकेत मराठीत 'लोकशाही गणराज्य' असे शब्द आहेत. दोन्हींचा अर्थ लोकांचे राज्य. मग एकच पुरला नसता का?

नसता पुरला. राज्य कोणाच्या मताने चालते, हे 'लोकशाही' सांगते. राज्याचे प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जात नाही, हे 'गणराज्य' सांगते. नागपुरात एम.ए.च्या वर्गावर राजकीय तत्त्वज्ञान शिकवताना हा विषय निघाला, की कोणीतरी म्हणतेच, "सर, इंग्लंडात राजा हाये, मंग थे लोकशाही काऊन?" शंका रास्तच. ब्रिटन लोकशाही आहे, गणराज्य नाही. आपणही स्वातंत्र्यानंतर २६ जानेवारी १९५० पर्यंत गणराज्य नव्हतो. नावापुरता का होईना, सहावा जॉर्ज आपला राजा होता.

उलट उदाहरण वज्जींचे, म्हणजे बुद्धाच्या काळातल्या एका गणसंघाचे. दीक्षाभूमीच्या या शहरात ते नाव बऱ्याच मुलांनी घरीच ऐकलेले असते. वज्जी, मल्ल यांचा कारभार सभेत चाले, पण सभेत बसत ती क्षत्रिय कुळांतली मंडळी. दास आणि बायका बाहेरच. गणराज्य खरे, आजच्या अर्थाने लोकशाही नव्हे. फ्रेंच विचारवंत मोंतेस्क्यूने १७४८ मध्ये हेच वेगळ्या वाटेने मांडले : सत्ता सगळ्या लोकांकडे असो की मोजक्या घराण्यांकडे, दोन्ही गणराज्येच, लोकशाही फक्त पहिले. बाबासाहेबांनी संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात जुन्या गणराज्यांची आठवण काढली, आणि लोकशाही व्यवस्था देश दुसऱ्यांदा गमावेल का, असेही विचारले.

गंमत म्हणजे 'लोकशाही'तली 'शाही' फारसी, थेट शहाची. आदिलशाही, नोकरशाही, झुंडशाही यांच्याच पंगतीतली. शब्दात दडलेला राजा पुढचा 'गणराज्य' हाकलतो, असे मी वर्गात सांगतो. व्युत्पत्ती म्हणून नव्हे, लक्षात राहावे म्हणून.

मग 'प्रजासत्ताक'? ते मुळात विशेषण, 'पितृसत्ताक'सारखे. म्हणून 'प्रजासत्ताक दिन' शोभतो. नाम हवे तिथे मला 'गणराज्य'च बरे वाटते. शिवाय 'प्रजा' म्हटले की राजा आठवतोच.

उत्तरपत्रिकेत 'लोकतंत्र' लिहिले तर गुण जातील का, हाही तिचा प्रश्न. नागपूर १९५६ पर्यंत मराठी-हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते, त्यामुळे तो शब्द इथे सहज तोंडात येतो. मी गुण कापत नाही. लोकतंत्र आणि गणराज्य एकच आहे असे लिहिले, तर मात्र कापतो.