वाचकांचे प्रश्न : तार्सकर पौल रोमी नागरिक कसा?

प्रश्न (मिरजेहून एक वाचक) : नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात पहिल्या शतकातील ख्रिस्ती प्रेषित पौल आपण किलिकियातील तार्स नगराचा नागरिक असल्याचे सांगतो आणि पुढच्याच अध्यायात आपण जन्मतःच रोमी असल्याचे सांगतो. तार्सचा नागरिक हा आपोआप रोमी नागरिकही ठरत असे काय? आमच्या अभ्यासवर्गात यावर बरीच चर्चा झाली, पण एकमत झाले नाही.

उत्तर : आपोआप ठरत नसे, आणि याचा पुरावा आपण उल्लेखिलेल्या दोन अध्यायांतच आहे. यरुशलेमच्या मंदिरात गोंधळ उडाला, जमावाने पौलाला धरून मारहाण केली आणि रोमी पलटणीच्या सरदाराने त्याला ताब्यात घेतले, ही इ. स. ५७ च्या सुमाराची घटना. हा कोणी बंडखोर मिसरी असावा, अशी सरदाराची समजूत होती. पौल ग्रीक बोलू लागला तेव्हा त्याला आश्चर्य वाटले आणि पौलाने तार्सच्या नागरिकत्वाचा उल्लेख करताच त्याने त्याला लोकांशी बोलण्याची परवानगी दिली. परंतु भाषणानंतर जमाव पुन्हा खवळला, तेव्हा याच सरदाराने त्याला फटके मारून चौकशी करण्याचा हुकूम सोडला. कैदी तार्सचा नागरिक आहे हे त्याला ठाऊक झाले होते, तरीही हुकूम सुटला. चामड्याच्या वाद्यांनी बांधले जात असताना पौलाने शताधिपतीला विचारले की, रोमी मनुष्याला दोषी ठरवण्यापूर्वीच फटके मारणे कायद्याला धरून आहे काय, आणि तेव्हा कोठे हात थांबले. तार्सच्या नागरिकत्वाने त्याला बोलण्याची संधी मिळवून दिली. पाठ वाचवली ती रोमच्या नागरिकत्वाने. लेखकाने हे दोन प्रसंग एकाच दिवशी, एकाच अधिकाऱ्यासमोर घडलेले दाखवले आहेत, म्हणून या दोन गोष्टींतला भेद याहून स्पष्ट दाखवणारे दुसरे स्थळ नव्या करारात नाही, असे मला वाटते.

आपल्या भागातील वाचकांना ही दुहेरी व्यवस्था समजणे फारसे कठीण जाऊ नये. साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यावर साताऱ्याचा मनुष्य ब्रिटिश मुलखाचा प्रजाजन झाला, तर थोड्याच अंतरावरचा सांगलीचा मनुष्य १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत पटवर्धनांच्या संस्थानाचा प्रजाजन राहिला. वरची सत्ता दोघांवरही एकच होती, पण कायद्याच्या दृष्टीने दोघांचा दर्जा एक नव्हता. रोमी साम्राज्यातही प्रत्येक मोठ्या नगराचे स्वतःचे नागरिकत्व होते आणि साम्राज्यकर्त्या रोमचे नागरिकत्व त्याहून निराळे होते. फरक इतकाच की तिथे एकाच व्यक्तीजवळ दोन्ही असू शकत. इ. स. पू. पहिल्या शतकातील रोमी वक्ता सिसेरो याच्या काळी रोमी कायदेपंडितांना हे मान्य नव्हते. परंतु पहिला रोमी सम्राट ऑगस्टस याच्या कारकिर्दीपर्यंत ही अडचण व्यवहारात उरली नव्हती.

गैरसमजाचे एक कारण असे की तार्स हे ‘स्वतंत्र नगर’ होते, हे अनेक पुस्तकांत वाचायला मिळते. ते खरे आहे. ज्युलियस सीझरच्या हत्येनंतरच्या यादवीत, सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या कॅसियसने या नगराकडून जबर दंड वसूल केला होता आणि त्याची भरपाई म्हणून सीझरच्या पक्षाचा सेनापती मार्क अँटनी याने त्याला स्वातंत्र्य व करमाफी दिली. परंतु स्वतंत्र नगर याचा अर्थ स्वतःच्या कायद्याने चालणारे आणि खंडणीतून मुक्त असलेले नगर एवढाच होता. तेथील रहिवासी त्यामुळे रोमी होत नसत. इतकेच काय, तार्समध्ये राहणारा प्रत्येक जण तार्सचा नागरिकही नसे. पौलानंतर थोड्याच काळाने दिओ क्रिसोस्टम या वक्त्याने तार्सकरांसमोर केलेल्या भाषणावरून कळते की, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या तागाचे कापड विणणाऱ्यांना नागरिकांत धरले जात नव्हते आणि नागरिकांच्या यादीत नाव घालण्यासाठी ५०० द्राख्मा (ग्रीक चांदीची नाणी) भरण्याची अट होती. अशा नगरात एका यहूदी घराण्याला नागरिकत्व होते, याचा अर्थ ते घराणे काही प्रमाणात तरी सधन आणि प्रतिष्ठित असले पाहिजे. तंबू करण्याचा पौलाचा व्यवसाय पाहून त्याला गरीब कारागीर समजण्याची जी प्रथा आहे, ती या कारणाने मला पटत नाही.

मग रोमी नागरिकत्व त्या घरात आले कोठून? पौल एवढेच म्हणतो की ते त्याला जन्माने मिळाले, म्हणजे पित्याच्या किंवा त्याआधीच्या पिढीत ते आले असणार. सरदार मात्र सांगतो की त्याने ते मोठी रक्कम देऊन मिळवले. त्याचे नाव क्लौद्य लुसिया होते, आणि सम्राट क्लॉडियसच्या काळात नागरिकत्वाची विक्री कशी चालत असे हे इतिहासकार दिओ कॅसियसने नोंदवले आहे. नव्याने नागरिक होणारा मनुष्य ज्याच्या कृपेने तो दर्जा मिळाला त्याचे नाव धारण करी, म्हणून या अधिकाऱ्याचे नावच त्याच्या बोलण्याला दुजोरा देते. पौलाच्या घराण्याबाबत अभ्यासकांनी दोन मार्ग सुचवले आहेत. एक म्हणजे पाँपे, सीझर किंवा अँटनी यांच्यापैकी कोणा सेनापतीला पूर्वजांनी केलेल्या मदतीबद्दल मिळालेली देणगी. दुसरा म्हणजे गुलामगिरीतून झालेली मुक्तता. रोमी नागरिकाने आपल्या गुलामाला रीतसर मुक्त केले तर तो मुक्त मनुष्य सामान्यतः रोमी नागरिक होत असे, आणि रोम शहरातील बहुतेक यहूदी हे युद्धकैदी म्हणून आणलेले व पुढे धन्यांनी मुक्त केलेले लोक होते, असे अलेक्झांड्रियाचा यहूदी तत्त्वज्ञ फिलो लिहितो. पौल स्वतःला परुश्याचा, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातील मनुष्याचा, पुत्र म्हणवतो. नियमशास्त्र इतक्या कसोशीने पाळणाऱ्या कुटुंबाने रोमी सेनापतींच्या राजकारणात पडून बक्षीस मिळवले, यापेक्षा एखादा पूर्वज पकडला जाऊन पुढे मुक्त झाला, ही शक्यता मला अधिक जवळची वाटते.

प्रश्न (साताऱ्याहून एक शिक्षिका) : पौल खरोखर रोमी नागरिक असता, तर फिलिप्पै नगरात छड्यांचा मार खाऊन रात्रभर तुरुंगात का राहिला? आणि त्याच्या स्वतःच्या पत्रांत या नागरिकत्वाचा उल्लेख का नाही? काही विद्वान ही गोष्टच नाकारतात, असे वाचले.

उत्तर : आपला प्रश्न योग्य आहे आणि तो टाळता येणार नाही. पौलाच्या पत्रांत रोमी नागरिकत्वाचा तर नाहीच, पण तार्सचाही उल्लेख नाही. गलतीकरांस पत्रात किलिकिया प्रांताचे नाव तेवढे येते. या दोन्ही गोष्टी आपल्याला ‘प्रेषितांची कृत्ये’ या एकाच पुस्तकातून कळतात. उलट करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात आपण तीन वेळा छड्यांचा मार खाल्ला, असे पौल स्वतः लिहितो, आणि छड्यांनी मारणे ही रोमी अधिकाऱ्यांची शिक्षा होती.

परंतु कायद्याने मनाई होती म्हणून नागरिकाला मार बसतच नसे, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला सोडून होईल. इ. स. पू. ७० मध्ये सिसेरोने सिसिलीचा सुभेदार व्हेरेस याच्यावर जे आरोप ठेवले, त्यांत गावियस नावाच्या माणसाला, तो आपण रोमी नागरिक असल्याचे ओरडून सांगत असतानाही, मेस्सानाच्या भरचौकात फटके मारून वधस्तंभावर चढवल्याचा आरोप होता. इ. स. ६६ मध्ये फ्लोरस या सुभेदाराने यरुशलेमात रोमी सरदारवर्गाचा दर्जा असलेल्या यहूद्यांनाही फटके मारून वधस्तंभी दिले, असे यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो. कायदा होता, पण तो मोडणारेही होते. पौलाच्या पाठीवरचे वळ त्याच्या नागरिकत्वाच्या विरुद्ध साक्ष देत नाहीत.

फिलिप्पैचा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी मला त्यातील सकाळचा भाग महत्त्वाचा वाटतो. हे नगर रोमी सैनिकांची वसाहत होते, तिथे रोमी असणे ही अभिमानाची गोष्ट होती. सकाळी अधिकाऱ्यांनी चोपदारांकरवी पौल व त्याचा सहकारी सीला यांना गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला, तेव्हा पौलाने निघण्यास नकार दिला: आम्हा रोमी माणसांना चौकशीवाचून चारचौघांत मारले, आता त्यांनीच येऊन आम्हांला बाहेर काढावे. अधिकारी घाबरून आले आणि त्यांनी विनवणी केली. पौलाने आदल्या दिवशी हे का सांगितले नाही, याचे कारण पुस्तकात दिलेले नाही. गोंगाटात त्याचे कोणी ऐकले नसेल, हेही शक्य आहे. तरी मला असे वाटते की लुदियेसारखे नुकतेच विश्वास ठेवलेले लोक, ज्यांच्यापैकी बहुतेकांजवळ असे कवच नव्हते, त्यांच्यादेखत ते कवच पुढे करून स्वतः निसटणे पौलाला रुचले नसावे. आणि सकाळी मात्र त्याने ते अशा रीतीने वापरले की त्या लहान मंडळीला पुढे त्रास देण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

पत्रांतील मौनाविषयी एवढेच म्हणता येईल की फिलिप्पैकरांस पत्रात तो बन्यामीन वंशाचा, इब्र्यांचा इब्री आणि परुशी असल्याचे सांगतो ते यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांनी सुंता करावी की नाही या वादाच्या संदर्भात, आणि त्या वादात रोमी दर्जा सांगण्याचे काही प्रयोजन नव्हते. नागरिकत्वाच्या बाजूने बहुधा पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, केलेल्या अपिलाचा दाखला दिला जातो. तो मोलाचा आहे, पण एकट्याने पुरेसा नाही, कारण यहूदियाचा रोमी सुभेदार फेलिक्स याने काही यहूदी याजकांनाही बेड्या घालून कैसरापुढे पाठवले होते, असे योसेफसच्या आत्मवृत्तात आहे. मला अधिक वजनदार वाटते ती वागणुकीतील एकसारखी सावधगिरी: बेड्या घालणारा सरदार घाबरतो, दोनशे शिपाई आणि सत्तर स्वार देऊन कैद्याला रातोरात सुभेदाराच्या मुक्कामाच्या कैसरिया नगराच्या वाटेला लावतो, फेलिक्सनंतरचा सुभेदार फेस्त आपल्या सल्लागारांना विचारून अपील मान्य करतो. खोटा दावा करणे हा पोरखेळ नव्हता. नागरिकत्वाचा खोटा दावा करणाऱ्यांचा क्लॉडियसने एस्क्विलिन टेकडीवर शिरच्छेद केला, असे रोमी चरित्रकार सुएटोनियस लिहितो. नागरिकांच्या मुलांच्या जन्माची नोंद करण्याची व्यवस्था ऑगस्टसच्या कायद्यांनी घातलेली होती, साक्षीदारांच्या मुद्रांसह तिची नक्कल लाकडी फळ्यांवर मिळत असे, त्यामुळे संशय आल्यास शहानिशा करता येत होती. हे सर्व पाहता मी नागरिकत्व खरे मानतो.

प्रश्न (वाईहून एक वाचक) : पौल मूळचा गालीलाचा होता, असे एका प्रवचनात ऐकले. हे खरे काय?

उत्तर : या म्हणण्याचा आधार चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिणारा ख्रिस्ती विद्वान जेरोम हा आहे. पौलाचे मातापिता गालीलातील गिस्काला या गावचे होते आणि रोमी सैन्याने ते गाव घेतल्यावर ते तार्सला गेले, अशी हकीकत त्याने दोन ठिकाणी दिली आहे. एका ठिकाणी ती ऐकीव म्हणून येते. दुसऱ्या ठिकाणी तो पौलही त्या गावचाच असल्याचे सांगतो. हे दुसरे विधान स्वीकारणे कठीण आहे, कारण कृत्यांच्या २२व्या अध्यायात पौल आपला जन्म तार्सचा असल्याचे स्पष्ट सांगतो आणि जन्माने रोमी असलेला मुलगा कैदी होऊन येत नाही. परंतु घराणे पूर्वी गालीलातून आले असावे, ही आठवण खरी असू शकते. परदेशी वाढलेल्या घरात इब्री परंपरा इतकी घट्ट राहिली, पौल शिक्षणासाठी यरुशलेमला गमलियेल या यहूदी गुरूच्या पायांशी बसला आणि त्याच्या बहिणीचा मुलगाही तिथेच होता, या गोष्टी तिच्याशी जुळतात.

प्रश्न (सांगलीहून एक विद्यार्थी) : तार्स आज कोठे आहे? ते खरोखर मोठे नगर होते काय?

उत्तर : तुर्कस्तानच्या दक्षिण भागात, मेर्सिन प्रांतात, आजही ते त्याच नावाने नांदते आहे. टॉरस पर्वतातील खिंडीतून येणारा व्यापारी रस्ता इथे मैदानात उतरत असे आणि किद्नस नदीमुळे त्याला समुद्राशी जोड मिळाली होती. सिसेरो किलिकियाचा सुभेदार असताना इथे राहिला, आणि अँटनी व क्लिओपात्रा यांची इ. स. पू. ४१ मधील भेट इथलीच. भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की विद्येच्या ओढीत तार्सकरांनी अथेन्स व अलेक्झांड्रियालाही मागे टाकले होते. मात्र तिथे शिकणारे बहुतेक स्थानिकच असत आणि शिक्षण पुरे करण्यासाठी परदेशी गेलेल्यांपैकी थोडेच परत येत. पौल परतला होता. दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्ताचे दर्शन होऊन तो विश्वासणारा झाला, त्यानंतर यरुशलेमात जिवाला धोका निर्माण झाला तेव्हा बंधुजनांनी त्याला तार्सला पाठवले, आणि पुढे त्याचा सहकारी बर्णबा त्याला शोधत तिथेच गेला व अंत्युखियाच्या मंडळीकडे घेऊन आला.