उपचार आणि सांभाळ, पैसे वेगवेगळ्या खिशातून

प्रश्न : आईला (वय ७४) पॅरालिसिसचा झटका आला, अकरा दिवस अॅडमिट होती. आता डॉक्टर म्हणतायत घरी न्या. उजवी बाजू चालत नाहीये, एकटीला उठता येत नाही. कोणी म्हणतं नर्स ठेवा, कोणी म्हणतं केअर सेंटरला ठेवा, एका नातेवाईकांनी तर पॅलिएटिव्हचं नाव काढलं आणि मी रडलेच. हेल्थ पॉलिसीने हॉस्पिटलचं बिल दिलं पण पुढचं काही देणार नाही म्हणतात. दादा म्हणतो सगळ्या ठेवी मोडू. मी नोकरी सोडू का?

उत्तर : ताई, नोकरीचा निर्णय महिनाभर तरी पुढे ढकला. पॉलिसीवाले कटू वाटले तरी साधारण असंच असतं, हेल्थ पॉलिसी उपचाराचे पैसे देते, म्हणजे ऑपरेशन, औषधं, बेड वगैरे, पण आंघोळ घालायला, कूस बदलायला, रात्री दोनला बाथरूमला न्यायला माणूस लागतो त्याला ती उपचार मानतच नाही. तरी डिस्चार्जनंतरच्या तपासण्या-औषधांचे पैसे ठराविक दिवस मिळतात का ते पॉलिसीत बघून घ्या, बरेच जण ते मागायचंच विसरतात.

आता एक कागद घ्या. आजाराचं नाव लिहू नका, सहा कामं लिहा : आंघोळ, कपडे, टॉयलेट, बेडवरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. ही यादी माझी नाही, सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये मांडली आणि अजून तीच चालते. प्रत्येकापुढे लिहा, स्वतः जमतं, कोणी जवळ उभं राहिलं की जमतं, का पूर्ण दुसऱ्याने करावं लागतं. रात्री किती वेळा उठावं लागतं तेही.

नाकातली नळी, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग असेल तर नर्स हवी. नुसतं उचलणं, पुसणं, दर दोन-तीन तासांनी कूस बदलणं (पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून) एवढंच असेल तर शिकवलेली अटेंडंट पुरते, आणि इथेच लोक नर्सचे पैसे मोजून अटेंडंटचं काम करून घेतात. उचलायला दोन माणसं लागत असतील आणि घरात एकच असेल तर मात्र सेंटरचा विचार करा, त्यात अपराधी वाटायचं काही नाही. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवट जवळ आला असं नाही हो, दुखणं-त्रास कमी करायची सेवा आहे ती, उपचार चालू असतानाही घेता येते. शेवटच्या काळाची सेवा ती हॉस्पिस.

पैशाचं माझं मत विचाराल तर सुरुवातीला फिजिओवर हात आखडू नका. झटक्यानंतर जास्तीत जास्त सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत होते, त्यात आई स्वतः खुर्चीत बसायला लागली तर पुढे कित्येक वर्षं एक माणूस कमी लागेल. दादाला सांगा ठेवी एकदम मोडू नको, आधी आईचं पेन्शन, व्याज, भाडं जे येतं ते महिन्याच्या खर्चातून वजा करा, उरलेली तूट तेवढीच भावंडांत वाटा. आणि तुम्ही घरी बसलात तर तुमचा बुडालेला पगार हाही त्याच कागदावर खर्च म्हणून लिहा, नाहीतर तो कोणालाच दिसत नाही.

प्रश्न : मग लाँग टर्म केअर इन्शुरन्स, म्हणजे सांभाळाचा खर्च देणारा विमा, आत्ता काढता येईल का?

उत्तर : आईसाठी नाही, झटका आल्यावर कोणी सहसा देत नाही. तुमच्यासाठी मिळत असेल तर बघा. वरच्या सहापैकी बहुतेक वेळा दोन-तीन कामं जमेनाशी झाली किंवा विस्मरण फार वाढलं की ही पॉलिसी लागू होते, पण पहिले काही दिवस, कधी ९० सुद्धा, खर्च आपणच करायचा असतो, ते बारीक अक्षरांत असतं. तब्येत बरी असताना कोणी घेत नाही आणि बिघडल्यावर मिळत नाही, म्हणून जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये हा विमा सक्तीचाच केला, जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता कापतात.