सोलापूर जिल्ह्यात राहून निसर्गचित्रकार म्हणून जगता येईल का?

तुम्ही बार्शीचे आहात. नोकरी सोडून, बाहेर बसून निसर्गचित्रं रंगवायची असं तुमच्या मनात आहे आणि तुमचा प्रश्न असा आहे की, आपल्याकडच्या रखरखाटात रंगवायचं तरी काय? त्यापेक्षा सरळ कोकणात मुक्काम हलवावा का?

मी सोलापुरात राहते. पंधरा-सोळा वर्षं जलरंगात काम करतेय आणि माझं घर त्यावरच चालतं. मुक्काम हलवू नका, निदान सुरुवातीची काही वर्षं तरी. हे मी अनुभवाने सांगतेय. एकदा ऐन पावसाळ्यात महिनाभर मालवणला जाऊन राहिले होते. पहिल्याच सकाळी आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग हात, टाकला आणि तो सुकेचना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, कागद ओलाच. त्यावर माडांची रांग काढायला गेले तर सगळे माड आभाळात विरघळले. माझा हात सोलापूरच्या हवेवर घडलेला. इथे एप्रिलमध्ये ब्रश कागदाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मागची कड वाळून पक्की झालेली असते. महिनाभरात तिथली हवा थोडीफार कळायला लागली, तोवर परतायची वेळ आली. दाखवण्याजोगी चित्रं निघाली चार. चांगली म्हणावीत अशी एकही नाही.

म्हणून आधी आपल्या हवेशी जमवून घ्या. उन्हाळ्यात मी पूर्ण कागद नेतच नाही. २२ × ३० इंचाच्या कागदाचे चार तुकडे करते आणि त्यातले दोन घेऊन निघते. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड वजनाचा, आणि पूर्ण सुती. तो दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या पातळ शीटवर चिकटवला की खालून ओल धरून राहतो आणि आभाळ करायला पुरेसा वेळ मिळतो. कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर येतो, त्याच्या जोडीला प्रत्येक रंग फिका वाटतो, आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री काळी किंवा पांढरी घ्या. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. गॉगल लावून तर रंग मिसळूच नका.

वेळेचंही तसंच आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य सोलापूरच्या बरोबर डोक्यावर येतो. काठी उभी केली तर सावली तिच्या बुडाशी गडप होते. सावली नाही म्हणजे भिंतीला कड नाही, झाडाला घेर नाही, सगळं सपाट. त्या दिवसांत सकाळी साडेसहा ते साडेआठ एवढंच काम. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र ऊन दिवसभर तिरपं असतं, तेव्हा दुपारीही बसता येतं. आपला खरा हंगाम तोच.

आता रंगवायचं काय? माझं सगळ्यात आवडतं काम मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानात झालंय. डिसेंबरात तिथे निळसर हिरवं रान असतं. जानेवारीत हुरडा आला की हिरव्यात पिवळं शिरतं. काढणी झाली की उरतात कडब्याच्या गंजी, धसकटं आणि भेगाळलेली काळी माती. ती माती ‘काळी’ म्हणून काळा रंग वापरलात तर चित्र तिथेच मेलं. अल्ट्रामरीन या निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून बघा. सकाळी निळा जास्त, संध्याकाळी सिएना जास्त. हे मिश्रण नीट कळायला मला दोन हिवाळे गेले. रानातल्या बायका येऊन मागे उभ्या राहायच्या, “काय काढलालीस गं?” म्हणून विचारायच्या आणि बांधावरचं कुठलं झाड मी सोडून दिलंय तेही सांगायच्या. त्यांचं बहुतेक वेळा बरोबर असायचं.

रेल्वेने भिगवणला उतरून उजनी धरणाच्या फुगवट्याकडे जा. हिवाळ्यात फ्लेमिंगो असतात, पण मी तिथे जाते ती पाण्यासाठी. धरणाचं पाणी उतरायला लागलं की काठ रोज मागे सरकतो, ओल्या गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि पाणी फारच खाली गेलं तर पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. तीच जागा महिनाभराने ओळखू येत नाही. नळदुर्गचा किल्ला, हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेचा संगम, पंढरपूरचं वाळवंट, ही सगळी ठिकाणं एसटीने जाऊन त्याच दिवशी परत येण्यासारखी आहेत. पंढरपूरला एकादशीला नको, ती ओसरल्यावर पहाटे जा. घाट मोकळे असतात.

कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांचं उदाहरण माझ्या कायम डोळ्यांसमोर असतं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला हा माणूस कोल्हापुरात परतून कोटितीर्थाचा तलाव पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. आपल्याकडे सिद्धेश्वरांचं तळ्यातलं मंदिर आहे. मी ते किती वेळा काढलं याचा हिशेब नाही, आणि संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली, म्हणजे बंदांच्या अंगरख्यातली, माणसं नंदीध्वजाच्या उंच काठ्या घेऊन निघतात तेव्हा अजूनही माझी धांदल उडते. पांढऱ्यावर पांढरं, आणि ते उभ्या जागी थांबत नाही.

पैशाचं स्पष्टच सांगते. केवळ चित्रं विकून माझं भागत नाही. शनिवार-रविवार चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे वर्ग घेते, त्यावर किराणा आणि घरभाडं निघतं. दुसरा आधार म्हणजे गावाकडच्या घरांची चित्रं. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी पडायला आलेला वाडा, आजोळचा ओटा, विहीर रंगवून मागतात. यातही मी जागेवर जाऊनच बसते, फोटोवरून करत नाही, आणि गाडीभाडं वेगळं घेते. निम्मी रक्कम आधी. हा नियम उशिरा केला. एका हॉटेलवाल्याने सहा चित्रं ‘लावून तर बघू’ म्हणून नेली, पैसेही आले नाहीत आणि चित्रंही. तेव्हापासून पोचपावतीवर सही घेतल्याशिवाय एक चित्र हातातून सोडत नाही.

नोकरी आज सोडू नका. या हिवाळ्यातले सगळे रविवार बाहेर काढा, गावाजवळची एकच जागा धरा आणि फेब्रुवारीअखेर सगळे कागद तारखेनुसार जमिनीवर मांडा. मग त्यांचे फोटो मला पाठवा, मी नक्की बघेन. आणि पाणी दोन वेगळ्या बाटल्यांत न्या, प्यायचं आणि ब्रशचं. तहान लागली की दोन्हींतला फरक कळत नाही, आणि काही रंगद्रव्यं विषारी असतात.