स्थलांतरित पक्षी पाहायचे तर आधी गावाजवळचं एक पाणी धरा

तुम्ही विचारलंय की ८×४२ ची दुर्बीण घेतली आहे, गावाबाहेर एक पाझर तलाव आहे पण तिथे ‘विशेष काही नसतं’, तर डिसेंबरात उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला जावं की नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर? दोन्हीकडे जा. पण स्थलांतर समजून घ्यायचं असेल तर मी तुम्हाला तुमच्या तलावावरच पाठवेन, आणि तेही ऑगस्टच्या शेवटी. भिगवणला एका सकाळी पक्षी भरपूर दिसतील. कोण कधी आलं, किती दिवस टेकलं आणि कधी निघालं, हे मात्र वर्षभर नजरेखालच्या पाण्यावरच कळतं.

हंगाम थंडीबरोबर सुरू होतो ही समजूत आधी सोडा. पाऊस अजून चालू असतानाच तुताऱ्या, म्हणजे काठाच्या चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी, येऊन पोचलेल्या असतात. ठिपकेवाली तुतारी, हिरवी तुतारी, आणि चालताना सतत ढुंगण हलवणारी सामान्य तुतारी. यांच्यात प्रौढ पक्षी आधी येतात, त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मागाहून. त्यामुळे ऑगस्टमध्ये विणीच्या हंगामातली झिजलेली पिसं दिसतात आणि पुढे नव्या कोऱ्या पिसांचे पक्षी मिसळू लागतात. साधारण त्याच सुमारास सह्याद्रीतल्या ओढ्यांवर करडा धोबी पक्षी उतरतो. पांढरा आणि पिवळा धोबी त्यानंतर. काळ्या डोक्याचा, ठसठशीत पांढऱ्या भुवईचा मोठा धोबी मात्र बाराही महिने इथलाच आहे. नवे लोक हिवाळ्यात त्यालाच पाहुणा समजतात.

म्हणून पहिलं काम स्थानिक पक्ष्यांचं. हळदीकुंकू बदक, अडई, शेकाट्या, टिटवी, वंचक, खंड्या हे इतके ओळखीचे व्हायला हवेत की त्यांच्यात एखादा परका पक्षी बसला तर तो आपोआप खटकावा.

बदकांवर थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांचा उत्साह इथेच मावळतो. पुस्तकातला तलवार बदकाचा देखणा नर ऑक्टोबरात तुमच्या तलावावर दिसेलच असं नाही. वीण संपल्यावर बदकं उडण्याची सगळी पिसं एकदम टाकतात, काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. त्या काळात नर मादीसारखाच मळकट तपकिरी होतो, आणि बरेच नर त्याच वेषात आपल्याकडे पोचतात. डिसेंबर-जानेवारीकडे रंग भरतो. तोवर रंग विसरा, आकार पाहा. थापट्याची फावड्यासारखी चोच कुठल्याही पिसाऱ्यात लपत नाही. तलवार बदकाची मान लांब, बारीक आणि चोच राखाडी. भुवई बदकाच्या चेहऱ्यावर गडद-फिकट पट्टे असतात, आणि बदकांमध्ये तेच बहुधा सर्वांत आधी येतं. दोन-तीन महिने तोच थवा पाहत राहिलात तर नरांचं रूप पालटताना दिसेल. हा आनंद एका दिवसाच्या सहलीत मिळत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर आणि पुन्हा मार्च-एप्रिल हा वाटसरू पक्ष्यांचा काळ. हे मुक्कामाला येत नाहीत, पुढे जाता जाता टेकतात. युरोपीय नीलपंख असाच, आज विजेच्या तारेवर दिसला तर उद्या नसेल. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरच्या सुरुवातीला माळावर गेलात तर मान वर करून आभाळही न्याहाळा. अमूर ससाणे याच सुमारास महाराष्ट्रावरून जातात. पूर्व आशियातून निघून नागालँडसारख्या ईशान्येकडच्या राज्यांत ते लाखोंनी थांबतात आणि मग अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत उतरतात. २०१३ साली नागालँडमध्ये काही ससाण्यांना उपग्रह-यंत्रं बसवली, तेव्हा त्यांचा हा मार्ग नकाशावर स्पष्ट झाला.

तलावाइतकंच लक्ष भोवतालच्या शेतांकडे द्या. ज्वारी असेल तर भोरड्या (गुलाबी मैना) येणारच. त्या पाहुण्यांमध्ये फार लवकर येतात, आणि पुढे पळस, पांगारा, काटेसावर फुलली की त्या फुलांवर गर्दी करतात. संध्याकाळी रातथाऱ्याला बसण्याआधी त्यांचे थवे आभाळात जी वळणं घेतात ती एकदा तरी शांतपणे उभं राहून पाहा. काळ्या डोक्याचा भारीट ज्वारीतच शोधा, बांधावरच्या काटकीवर गप्पीदास, आणि घराच्या कुंपणावर शेपटी थरथरवणारा थिरथिरा. माळरानावर भोवत्ये हे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत जातात, रात्री गवतातच जमिनीवर एकत्र बसतात. माळाला ‘पडीक’ म्हणून नांगर लावला की त्यांचा रातथारा जातो. हे मला फार लागतं, कारण तळं वाचवायला चार माणसं तरी उभी राहतात, गवतासाठी कोणी पुढे येत नाही.

आता भिगवण. तिथला हिशेब कॅलेंडरपेक्षा उजनीच्या पाणीपातळीवर जास्त चालतो. पाऊस चांगला झाला की पाणी काठोकाठ राहतं, चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडत नाहीत आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उशिरा जमतात. म्हणून मी जानेवारी-फेब्रुवारी सुचवेन. तेव्हा पट्टकदंब हे हंसही असतात, हिमालय ओलांडून आलेले. दिवसा ते पाण्याकाठी विसावतात आणि चरायला बऱ्याचदा रात्री शेतात उतरतात. नावाड्याला निघतानाच सांगा की फोटोसाठी थवा उठवायचा नाही. परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवायचे हे दिवस असतात, उगाच मारलेली प्रत्येक भरारी त्यांना महागात पडते.

नोंदींबद्दल. तारीख, वेळ, अंदाजे संख्या आणि पाणी किती होतं, एवढं पुरे. पहिली तारीख सगळेच लिहितात, पण शेवटची तारीखही लागते, आणि ती नंतरच कळते. त्यासाठी ‘आज थापट्या दिसला नाही’ हेही त्या त्या दिवशी लिहावं लागतं. नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. आवाजावरून नाव सांगणारं ॲप मदतीला चांगलं आहे, पण पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते नाव यादीत घेऊ नका. एकसारख्या दिसणाऱ्या छोट्या वटवट्यांच्या बाबतीत तर नाहीच. सोबत हवी असेल तर ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह साधा. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून तो राज्यभर साजरा होतो, जवळपास कुठे तरी फेरी निघतेच.

मार्च-एप्रिलमध्ये तलाव रिकामा व्हायला लागला म्हणून दुर्बीण ठेवून देऊ नका. काळ्या शेपटीचे पाणटिवळे हे लांब चोचीचे पाणपक्षी जाण्याआधी मानेवर तांबूस होऊ लागतात, तो रंग आपल्याला एवढाच काळ दिसतो. मे सरता सरता दक्षिणेकडून नवरंग येतो. झाडीत पहाटे आणि तिन्हीसांजेला त्याची दोन सुरांची शीळ ऐका. त्याच्या आगेमागे मोसमी वाऱ्यांबरोबर चातक येतो आणि सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालतो. त्यामुळे काटेरी झुडपांत सातभाईंची टोळी जिथे असेल तिथे जूनपासून नजर ठेवा.

तुमच्या तलावाचा काठ चिखलाचा आहे की दगडी, उन्हाळ्यात पाणी किती मागे हटतं आणि जवळ माळ आहे का, एवढं कळवा. त्यावरून कोणत्या महिन्यात कुठल्या बाजूला बसायचं ते नेमकं सांगता येईल.