साध्या वेशातला फौजदार: वाचकांच्या शंका

गुन्हेगारी मालिका म्हटली की वेश बदलून टोळीत शिरणाऱ्या पोलिसाचा एक तरी भाग असतोच. असे भाग बघणाऱ्या आणि लिहायला घेतलेल्या पुण्यातल्या वाचकांच्या काही शंकांना या वेळी उत्तरं देत आहोत. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याची कलमं 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांतली, म्हणजे नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम यांतली आहेत.

प्रश्न (कोथरूड): माझ्या पटकथेत फौजदार गिऱ्हाईक बनून रात्री स्वारगेटजवळच्या लॉजवर 52 ग्रॅम एमडी (मेफेड्रोन हा अमली पदार्थ) विकत घेतो. इशारा होताच पथक आत घुसतं, तोच फौजदार आरोपीला अटक करतो आणि भाग संपतो. हे पटण्यासारखं आहे का?

सौदा पटतो, शेवट पटत नाही. खटला टिकणार की पडणार हे ठरतं ते नेमक्या तुम्ही गाळलेल्या दोन-तीन तासांत.

आधी खबर. ती मिळाल्यावर लेखी नोंदवायची आणि 72 तासांच्या आत तिची प्रत वरिष्ठांकडे पाठवायची, असं एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 42 सांगतं. सूर्यास्तानंतर बंद खोलीत शिरायचं असेल तर वॉरंट हवं. ते आणेपर्यंत माल हलेल किंवा आरोपी पळेल अशी भीती असेल, तर ती कारणं कागदावर हवीत. दोन पंच सुरुवातीपासून पथकासोबत असतात. बनावट गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे क्रमांक त्यांच्यासमोर पंचनाम्यात उतरवून घेतात. धाड पडल्यावर रस्त्यावरून कुणाला तरी पंच म्हणून ओढून आणलं, तर उलटतपासणीत बचावाचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

पथक आत आलं की ओळख सांगणं, मग झडती. अंगझडतीच्या आधी आरोपीला त्याचा हक्क सांगावाच लागतो: तुमची झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घेतली जावी अशी मागणी तुम्ही करू शकता. हे कलम 50. सॅकमधून माल निघाला तर त्या सॅकच्या झडतीला ही अट लागत नाही, खिशातून निघाला तर लागते. त्यामुळे माल कुठे ठेवलाय हे पटकथेत आधीच ठरवा. आरोपी बाई असेल तर झडती महिला पोलिसानेच घ्यायची. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार बंधनकारक आहे, म्हणजे कुणाच्या तरी हातात सतत चालू असलेला मोबाईल दिसला पाहिजे.

आता वजन. एमडीची व्यापारी मात्रा म्हणजे 50 ग्रॅमपेक्षा जास्त, अल्प मात्रा 2 ग्रॅमपर्यंत. तुमचे 52 ग्रॅम पिशवीसकट आहेत की निव्वळ? झिपलॉक पिशवी बाजूला काढल्यावर काट्यावर 49 आले, तर 10 ते 20 वर्षांच्या शिक्षेचं प्रकरण 10 वर्षांपर्यंतच्या शिक्षेवर येतं आणि जामिनाच्या कडक अटीही गळतात. भेसळीची पावडर मात्र वजा होत नाही. मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवलं आहे.

मग पाकीट, दोरा, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल. नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढायचे आणि तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवायचे. पुण्यातली प्रादेशिक प्रयोगशाळा गणेशखिंडला आहे. मुद्देमाल कक्षाच्या नोंदवहीत एका दिवसाचा जरी खंड पडला किंवा पाकिटावरचा सीलचा ठसा पंचनाम्यातल्या ठशाशी जुळला नाही, तरी आरोपी सुटू शकतो. तुम्हाला कलाटणी हवी असेल तर इथे आहे, आणि ती पाठलागापेक्षा कितीतरी सरस आहे.

राहिली अटक. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 प्रमाणे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव अंगावर स्पष्ट दिसायला हवं. टी-शर्टमधल्या फौजदाराला मागे ठेवा आणि अटक पथकातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हातून होऊ द्या.

प्रश्न (सदाशिव पेठ): टोळीचा म्होरक्या वेशांतर केलेल्या पोलिसासमोर जुन्या खुनाची फुशारकी मारतो आणि ते छुप्या कॅमेऱ्यात येतं. एवढ्यावर शिक्षा होते का?

एवढ्यावर विसंबू नका. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे साक्ष अधिनियमाचं कलम 23. समोरचा पोलीस गणवेशात असावा अशी अट त्या कलमात नाही, त्यामुळे बचावाचा पहिला आक्षेप तिथेच येईल. चालू सौद्यातली बोलणी, म्हणजे दर, जागा, वेळ, ही वेगळी गोष्ट. तो गुन्ह्याचाच भाग असतो, कबुली नव्हे. रेकॉर्डिंग वापरायचं तर मूळ मेमरी कार्ड सील केलेलं हवं आणि कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची सांकेतिक खूण) हवं.

मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कायदा) लागला असेल तर चित्र बदलतं. पोलीस उपायुक्त किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नियमाप्रमाणे नोंदवलेला कबुलीजबाब तिथे चालतो. तोही राजीखुशीने दिलेला असावा लागतो, आणि त्यानंतर आरोपीला दंडाधिकाऱ्यासमोर न्यावं लागतं.

प्रश्न (हडपसर): विश्वास बसावा म्हणून टोळी वेशांतर केलेल्या फौजदाराला दरोड्यात सामील व्हायला लावते. पोलीस म्हणून त्याला सूट असते का?

नाही. वेशांतर केलेल्या पोलिसाला गुन्हा करायचा सरसकट परवाना आपल्या कायद्यात नाही. अमली पदार्थांचा माल पुढे जाऊ देऊन साखळी शोधायची सोय एनडीपीएसच्या कलम 50अ मध्ये आहे, पण त्याला केंद्रीय नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या महासंचालकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. दुसरी मर्यादा न्यायालयांनी 1956 पासून सांगितली आहे: आधीच गुन्ह्याच्या वाटेवर असलेल्याला पकडणारा सापळा वैध, ज्याच्या मनातही नव्हतं त्याच्याकडून गुन्हा घडवून आणणारा अवैध. तुमचा फौजदार या रेषेच्या कडेकडेने चालतोय हे दाखवता आलं, तर दरोड्याची गरजच उरणार नाही.

प्रश्न (भोसरी): लाचेच्या सापळ्यात हात गुलाबी होतात ते कसं?

नोटांना फिनॉल्फथॅलिनची पांढरी पावडर लावतात. ती घेणाऱ्याच्या बोटांना लागते आणि बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. हात नव्हे, पाणी. मालिकांत इथे हमखास चूक होते. ते पाणी बाटलीत भरून सील करतात. महाराष्ट्रात अँथ्रासीन पावडरही वापरली गेली आहे. ती अतिनील दिव्याखाली निळसर चमकते.

चुका अशा होतात: तक्रारदार लाच घेणाऱ्याशी हस्तांदोलन करतो, किंवा नोटांना पावडर लावणाराच नंतर झडती घेतो. दोन्हीमुळे पावडर हाताला लागण्याचं दुसरं कारण बचावाच्या हाती मिळतं. आणि नुसते पैसे सापडून भागत नाही, मागणी सिद्ध व्हावी लागते. म्हणून आधी रेकॉर्डर देऊन पडताळणी करतात आणि एक पंच तक्रारदारासोबत आत पाठवतात.

प्रश्न (औंध): अशी कारवाई सीआयडी करते का?

राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यातच आहे, पण तिच्याकडे मुख्यतः वर्ग केलेले तपास असतात. शहरातले सापळे गुन्हे शाखेची युनिट्स आणि अमली पदार्थ विरोधी पथक लावतात. टोळी हॅरिस पूल ओलांडून दापोडीत गेली तर 2018 पासून ती हद्द पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाची. पाठलाग थांबत नाही, पण तिथल्या ठाण्याला कळवल्याचं एक वाक्य संवादात असू द्या.

प्रश्न (बिबवेवाडी): खटल्यात वेशांतर केलेल्या फौजदाराचं नाव गुप्त ठेवलंय. चालेल?

खबऱ्याचं नाव गुप्त राहू शकतं. खबर कुठून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसावर करता येत नाही (साक्ष अधिनियम, कलम 131). सौदा स्वतः केलेला फौजदार मात्र खबऱ्या नाही, तो साक्षीदार आहे. शिवाजीनगर न्यायालयात त्याला स्वतःच्या नावाने शपथ घेऊन उलटतपासणीला उभं राहावं लागेल, समोर आरोपी बसलेला असताना.